तेहतीस अनारसे

नवीन पनवेल,
कोजागरीच्या आदल्या दिवशी

प्रिय हरेश,

‘प्रिय’ लिहून पाच मिनिटं थांबले होते. सात वर्षांत तुम्हाला पत्र काय, साधी नावाने हाक मारायची वेळसुद्धा मी येऊ दिली नाही. तुम्ही समोर बसलेले असायचात आणि मी दिपाला विचारायची, त्यांना चहा हवाय का? तुम्हीही दिपाकडेच बघून ‘चालेल’ म्हणायचात. आजही टपाल तिच्याच हाती आहे. आत कागद देता येत नाही, काचेपलीकडून फोनवर वाचून दाखवावा लागतो, असं ती म्हणाली. मी तिला बजावलंय, एकही ओळ गाळायची नाही, वाचायला जड गेली तरी.

आधी इकडची खबर. तुमचे बाबा बरे आहेत. मागच्या पडवीचे पत्रे बदलून घेतले. आईंची साखर वाढली होती, आता गोळी सुरू केलीय. मी मंगळवारी आणि शनिवारी जाऊन बघून येते. हो, मी जाते. इथून तुमच्या विचुंब्याच्या घरी रिक्षाने दहा मिनिटं लागतात, पण लग्न झाल्यापासून मला तिकडे जायला सवड मिळाली नव्हती. सोसायटीत मी एकीला सोडून अजून कुणाला सांगितलेलं नाही. जावई बरे आहेत, काम फार आहे, असं म्हणते. खोटं बोलणाऱ्या मुलांना शंभर वेळा लिहायला लावणारी बाई आता लिफ्टमध्ये उभी राहून रोज खोटं बोलते. अनारशांवरच्या खसखशीपायी माझा जावई परक्या देशात चार महिने कोठडीत आहे, हे वाक्य एरवी माझ्या तोंडून बाहेरच पडत नाही. ऐकणारा आधी हसेल, याची मला भीती वाटते.

तुम्ही माझ्या वर्गात होतात ते तुम्हाला आठवत असेलच. नववी ब, खिडकीकडची रांग. ‘माझे घर’ या निबंधात तुम्ही ‘आमच्या अंगनात चिंच हाय’ असं लिहिलंत. मी त्याखाली लाल रेघ मारली आणि तो निबंध वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. मुलं हसली. तोच मुलगा पुढे माझ्या मुलीला मागणी घालायला दारात उभा राहिला, तेव्हा मला ती लाल रेघच आठवली. न्हावा शेव्याची नोकरी चांगली होती, क्रेन चालवण्यात तुमचा हात धरणारं कुणी नव्हतं, सुपारीचं व्यसन नाही. बोट ठेवायला जागा सापडेना, म्हणून मी बोलण्याला नावं ठेवली. लग्न लावून दिलं, पण ‘मला आई म्हणा’ असं काही म्हटलं नाही. मग तुम्ही शाळेतल्यासारखं बाईच म्हणत राहिलात, आणि मीही ते चालवून घेतलं.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही आमची रीत. लग्नानंतरच्या पहिल्या अधिकात कोरोना होता, कारण आयतंच मिळालं. दुसऱ्या अधिकात मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा तेव्हा ठणठणीत होता. समोरच्या स्नेहलच्या जावयासाठी मी त्याच आठवड्यात अनारसे तळले, कारण तिला जमत नाहीत आणि माझ्या हाताची कीर्ती आहे. त्या संध्याकाळी तुम्ही दिपाला सोडायला आलात. घरभर तुपाचा वास होता, ओट्यावर चाळणीत अनारसे निथळत होते. तुम्ही ते पाहिलेत, पाणी प्यायलात आणि गेलात. मला त्या रात्री झोप नीट लागली, हे लिहिताना आज लाज वाटते.

या फेब्रुवारीत माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तुम्ही दोघं तोवर परदेशी नोकरीला गेला होतात, दिपाला तिकडून रजा मिळेना. तुमच्या आई कुणी न सांगता पिशवी घेऊन आल्या आणि पंधरा दिवस माझ्या डोळ्यात थेंब घालत राहिल्या. मी त्यांना आजवर कधी जेवायलाही बोलावलं नव्हतं. तेव्हाच ठरवलं की यंदाचा अधिक चुकवायचा नाही. तुम्ही मे महिन्यात येणार हे कळल्यावर तांदूळ भिजत घातले. तीन दिवस रोज पाणी बदललं, सावलीत सुकवले, दळले, चाळले, गुळात गोळा मुरवत ठेवला. खसखस बाजारातून हातावर घेऊन निवडून आणली. ती तुर्कस्तानातून येते, तुमच्याच न्हावा शेव्याला उतरते, आणि सरकारने परवाने आखडले की भाव आभाळाला भिडतात. एरवी मी ती चिमटीने पसरते. यंदा मूठ भरून घेतली. अनारसा तुपात विरघळून पसरला की तो हसला म्हणतात, पण तेहतिसातला एकही हसला नाही. तुम्हाला पाटावर बसवलं, ओवाळलं, ताट हातात दिलं. तुम्ही वाकून नमस्कार केलात आणि बराच वेळ ताटाकडेच बघत राहिलात. मला वाटलं, आवडले नाहीत की काय. तीन तिथेच खाल्लेत. तीस मी स्टीलच्या डब्यात भरून दिले.

आता जे लिहिते ते मला गेल्या महिनाभरातच कळलं. दिपाने तुम्हाला परतीच्या रिक्षात सांगितलं होतं, हा डबा विचुंब्याला ठेव, विमानाने नेऊ नको, तिकडे खसखस चालत नाही. तुम्ही ‘हो’ म्हणालात. ती चार दिवस मागे राहणार होती, त्यामुळे तुमची बॅग भरताना तिने पाहिली नाही. पाहिली ती तुमच्या आईंनी. मागच्या शनिवारी भाजी निवडता निवडता त्या बोलल्या. तुम्ही दुकानातून दातांचा नवा, मऊ ब्रश आणलात आणि पडवीत वर्तमानपत्र पसरून एकेका अनारशावरची खसखस झाडत बसलात. दुपारचं जेवण झाल्यापासून दिवेलागणीपर्यंत तुमचं तेच चाललं होतं. आई म्हणाल्या, अरे, पोरांना वाट नि मोकळा हो. त्यावर तुम्ही जे बोललात ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं: “बाईंनी पयल्यांदा कायतरी दिलंय, आये. माज्यानं टाकवत नाय. तिकडं रोज एक खाईन.”

मी निवडत होते ती मेथी तशीच हातात राहिली. अनारसा ज्याने केलेला नाही त्याला कसं कळणार, हरेश? खसखस वर भुरभुरवलेली नसते. पिठाचा गोळा तिच्यावर थापतात, तुपात तळला की दाणा जाळीत रुतून बसतो. ब्रशने वरची गेली, आतली राहिली. तिकडच्या विमानतळावर कस्टमवाल्यांनी डबा उघडला तेव्हा तीस भुंडे अनारसे, त्यात अडकलेले दाणे, आणि तुम्ही सवयीने बॅगेत टाकलेला तो ब्रश. न घासता नेले असते तर अजाणता चूक झाली असं तरी म्हणता आलं असतं, असं वकील म्हणतात. घासले म्हणजे माणसाला नियम ठाऊक होता. तुम्ही माझा मान राखायला जे केलंत तेच तुमच्या विरुद्ध पुरावा झालंय.

आणि नियम मलाही ठाऊक होता. हे मी दिपालाही आजवर सांगितलेलं नाही, ती वाचतानाच पहिल्यांदा ऐकेल. तिकडे गेल्यानंतरच्या तुमच्या पहिल्या सुट्टीत तुम्ही माझ्याच टेबलावर बसून सांगत होतात, की तिथे खसखस अफूच्या यादीत आहे, कंपनीतल्या एकाला मसाल्याच्या पुडीपायी पकडलं. दिपा आत पापड भाजत होती. सांगत होतात मलाच, पण भिंतीकडे बघून. मी ऐकलं, आणि तिला हाक मारून म्हटलं, ह्यांना भात वाढ. बोलणारे तुम्ही होतात, म्हणून ते माझ्या कानातून पुढे गेलं नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी वहीत लिहून ठेवलं असतं. चूक माझी आहे. तुमच्या आईंसमोर मी ती कबूल केली. त्या चहा ठेवायला उठल्या.

तर पत्राचं कारण. पुढच्या सोमवारी तुमची सुनावणी आहे आणि तुम्ही अजून सांगताय की अनारसे दुकानातून घेतले. वकील म्हणतात, दुकानाचा पत्ता नाही, पावती नाही, त्यामुळे तुम्ही कुणाला तरी लपवताय असंच दिसतं आणि त्यातून काही वर्षांची शिक्षा होईल. घरच्या बाईने रीत म्हणून करून दिलेलं खाणं, असं खरं सांगितलं तर दंड करून परत पाठवतील अशी आशा आहे. नोकरी जाईल. जाऊ दे. मी पनवेलला नोटरीकडे जाऊन प्रतिज्ञापत्र केलंय. साक्षीदार म्हणून तुमच्या बाबांनी सही केली. अनारसे कसे करतात ते वकिलाला दाखवायला हवं, म्हणून पुन्हा तांदूळ भिजवले आणि स्नेहलने फोनवर चित्रण केलं. तिला कारण सांगावं लागलं, ती हसली नाही. या वेळचे सगळे अनारसे मात्र हसले. शकुन वगैरे मानू नका, पीठ दोनच दिवस मुरलं होतं. दिपा म्हणते, तुम्ही माझं नाव घेत नाही कारण मग मला व्हिसा नाकारतील आणि तिच्याकडे तिकडे कधी येता येणार नाही. हरेश, इतक्या वर्षांत मी तुमच्या तिकडच्या घरी एकदा तरी आले का? जिथे मी पाऊल ठेवलं नाही तो दरवाजा माझ्यासाठी उघडा ठेवायला तुम्ही आत बसू नका. सोमवारी माझं नाव सांगा, पूर्ण नाव, पत्त्यासकट. दुभाष्या विचारील, ही बाई तुमची कोण. प्रतिज्ञापत्रात सासू लिहिलंय, तेच सांगा, कागदाशी जुळायला हवं. पण त्यानंतर सुटून आलात की रिक्षा आधी विचुंब्याला न्या, आईंना भेटा, आणि मग इकडे या. दार मी उघडीन, आणि या खेपेला चहाचं तुम्हालाच विचारीन.

तुमचीच,
आई