समासातलं माझंच अक्षर

चिरंजीव,

नऊ वर्षांपूर्वी बायबलच्या नव्या करारातल्या, समलिंगी संबंधांना पाप ठरवणाऱ्या एका शब्दावर बोट ठेवून मी तुला आणि तुझ्या जोडीदाराला घराबाहेर काढलं. आज चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंनी विचारलं, "पाळकसाहेब, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नक्की हाच का हो? माझी मुलगी तशी आहे."

म्हणून पाळक होण्यासाठी सेमिनरीत शिकतानाची जुनी वही काढली. त्या शब्दापुढे समासात लिहिलं होतं, 'अर्थाबद्दल जाणकारांत एकमत नाही.' अक्षर माझंच! म्हणजे मला ठाऊक होतं रे.

वही तुझ्या आईला दाखवली. ती शांतपणे म्हणाली, "त्याचा पत्ता माझ्याकडे आहे. दर महिन्याला जाऊन येते मी."

मला वाटायचं, बहिणीकडे जाते.

पत्र टाकायचा धीर होत नाही.

तुझा,
बाबा