रुमालाखालची बोटं

शहादा, पौष वद्य तृतीया, शके १८५९

दुपारी कापसाचे व्यापारी मोतीशेठ पुन्हा आले. पक्ष्यांच्या जुन्या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या गोळा करतात आणि भाव चढायची वाट पाहतात. माळढोकाच्या चित्रांच्या पुस्तकाची माझी प्रत हवी होती. कापसासारखाच रुमालाखाली सौदा: तोंडाने आकडा नाही, जितकी बोटं धरली तितका भाव. गेल्या साली माझी दोन बोटं धरली होती, आज पाचही! म्हणाले, "मास्तर, माळढोक आते दखास नही, म्हनीसन भाव चढना."

मी मूर्खासारखा बोललो, "कोण म्हणतं? परवाच जोडी पाहिली."

त्यांनी तीन बोटं सोडली. मग हळूच विचारलं, "कोठे दखायनी?"

प्रकाशा गावाच्या वाटेवरचा माळ, म्हटलं. का सांगितलं मी?

दिवेलागणीला त्याच बाजूने बंदुकीचे दोन बार ऐकू आले. आता सकाळी शेठजी रुमाल घेऊन येतील आणि माझी पाचही बोटं धरतील.