निजलेला र

प्रिय काना,

हाताने लिहिलेलं पत्र बघून तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. पडू देत. तुला मेल केला असता, पण तो तू तुझ्या नव्याकोऱ्या सिस्टीमवर उघडला असतास आणि तिथे माझ्या शब्दांचे काय हाल झाले असते ते मला चांगलं ठाऊक आहे. कागदावर निदान मी जे लिहिते तेच तुला दिसेल. तुमच्या कंपनीचा हात अजून माझ्या पेनापर्यंत पोचलेला नाही.

काल पुन्हा तुझा निरोप आला. ‘ताई, किती दिवस त्या जुन्या सिस्टीमला कवटाळून बसणार? एक बटण तर दाबायचं असतं.’ आणि पुढे तो पिवळा हसरा चेहरा. तो चेहरा बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही कवटाळून बसलेली नाही. मी वाट बघतेय. तुम्ही लोकांनी जे मोडून ठेवलंय ते तुम्हीच दुरुस्त कराल म्हणून वाट बघतेय. छप्पर न घालता घर ताब्यात द्यायचं आणि वर विचारायचं, अजून राहायला कशा आला नाहीत! आणि जो थांबला तो मागासलेला. ही तुमची रीत मला अजिबात मान्य नाही.

मोडलंय काय, ते तुझ्या अजून नीट डोक्यात शिरलेलं दिसत नाही, म्हणून पुन्हा सांगते. जन्मभर प्रुफं तपासणाऱ्या माणसाच्या मुलाला हे सांगावं लागावं, याचंच मला नवल वाटतं. तू उंच, किडकिडीत, सरळसोट, म्हणून बाबांनी तुला काना म्हणायला सुरुवात केली, आणि मी सगळ्यांच्या डोक्यावर बसायची म्हणून मी मात्रा. त्याच वयात त्यांनी आपल्याला दोन र शिकवले होते. एक बसलेला र. तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढून बसतो, सूर्यात, पर्वतात, गिर्यारोहकात. आणि दुसरा निजलेला र. तो पुढच्या अक्षराच्या कुशीत आडवा होतो, दऱ्यांमध्ये, पायऱ्यांमध्ये, दुसऱ्यामध्ये. शहाण्यांच्या पुस्तकात त्याला काय म्हणतात कोण जाणे, आपल्या घरात तो निजलेलाच. ‘आचाऱ्याला बोलवा’ म्हटलं तर स्वयंपाकी येतो आणि ‘आचार्याला बोलवा’ म्हटलं तर गुरुजी येतात. बाबा म्हणायचे, निजलेल्याला उठवू नका रे, भलताच माणूस दारात येऊन उभा राहील. आठवतंय? बाईंनी फळ्यावर ‘दुसर्या दिवशी’ असं लिहिलं, आणि तू बाकावरून उठून सांगितलंस, बाई, तुमचा र उठून बसलाय. पुढचा सगळा तास तू वर्गाबाहेर उभा होतास. संध्याकाळी बाबांनी तुला खांद्यावर बसवून सगळ्या गल्लीत मिरवलं होतं. मी मागून तुझं दप्तर घेऊन चालत होते, आणि जळत होते.

तर त्याच काना, तुझ्या कंपनीच्या नव्या सिस्टीमने झाडून सगळे निजलेले र उठवून बसवलेत. बाहेरच्या खोलीत तू पाठवलेला नवा कॉम्प्युटर आहे ना, त्यावर मी आपल्याकडे जुळणीला आलेलं डॉक्टरांचं पुस्तक उघडून बघितलं. हे दातांचे डॉक्टर, दवाखाना बंद केल्यापासून डोंगर चढत हिंडतात आणि आता त्या भटकंतीचं पुस्तक करतायत. त्यांच्या डोंगरदऱ्यांच्या डोंगरदर्या झाल्या. दर्या म्हणजे समुद्र, हे तुला अजून आठवत असेल अशी आशा आहे. बिचारे शिखरावरून खाली बघतात तर पायाशी सगळा समुद्र. पानापानावर दुसऱ्याचं, तिसऱ्याचं, बिचाऱ्याचं, म्हाताऱ्याचं तेच. एखादं अक्षर चुकलं तर मी हाताने सुधारेन, पण अख्खं पुस्तक उठून बसलंय, त्याला काय करू?

म्हणून आतल्या खोलीतला जुना कॉम्प्युटर मी जिवापाड जपतेय. त्यावर एक धुळीचा कण बसू देत नाही. आपल्या घरचा नियम तुला माहीत आहे, कुठलीही नवी गोष्ट तिचं शुद्धिपत्र निघाल्याशिवाय घ्यायची नाही. पहिली आवृत्ती इतरांना वाचू दे, त्यांना ठेचा लागू दे, मग आपण. आणि या बाबतीत बाबा माझ्याही वरताण निघाले. तुमच्या दुरुस्त्यांची यादी आली की ती मला मोठ्याने वाचायला लावतात. हे दुरुस्त केलं, ते दुरुस्त केलं, फोटो लवकर उघडतात, घड्याळाचा रंग बदलता येतो. शेवटी विचारतात, आपला र आहे का त्यात? मी म्हणते, नाही. मग म्हणतात, मग थांब, आणि तोवर नवं पुस्तकही घेऊ नकोस. दोन लेखक परत पाठवले मी. घरात असा थांबण्याचा कारखाना काढला आहे आम्ही दोघांनी, आणि त्याचं सगळं श्रेय तुम्हाला.

तक्रार करायची नाही का, असं तू विचारशील. केली. चांगली सविस्तर केली. दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवून, र भोवती लाल वर्तुळं काढून पाठवली. पहिलं उत्तर आलं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा. केला. दुसरं उत्तर, भाषा कोणती निवडली आहे ते तपासा. तपासली. मग कुणा साहेबांचं उत्तर आलं, ते मी शब्दन् शब्द देते: ‘दोन्ही चित्रे आम्ही काळजीपूर्वक पाहिली. आम्हाला त्यांत फरक आढळला नाही. आपली तक्रार बंद करत आहोत.’ फरक आढळला नाही! लाल वर्तुळं काढून! मी अशी ओरडले की शेजारीण खिडकीत आली. डोळे फुटलेत का रे तुमचे, म्हणाले मी त्या पडद्याला. बाबा खिडकीशी पेपर घेऊन बसले होते. मी ते उत्तर त्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं, आता हे पेटणार. छापखान्यात यांचा आवाज चढला की यंत्रं थांबायची म्हणे. पण त्यांनी पेपराची घडी घातली आणि म्हणाले, जाऊ दे मात्रे, नाही दिसत एखाद्याला. मला त्या साहेबापेक्षा त्यांचाच जास्त राग आला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर तुटून पडलेला माणूस, आणि आता म्हणतो जाऊ दे. मी तरातरा आत गेले आणि तक्रार पुन्हा नव्याने लिहिली.

मग तुला गळ घातली, आतून कुणाला तरी सांग. तुझं उत्तर काय, तर ‘ताई, मी बॅटरीचं बघतो, अक्षरांचं खातं वरच्या मजल्यावर आहे.’ मग जिना चढ ना! एक जिना! दातांचे डॉक्टर म्हातारपणी डोंगर चढतात आणि तुला एक मजला चढवत नाही. तुमची बॅटरी दिवसभर टिकते, कौतुक आहे, पण ती टिकवून वाचायचं काय, उठून बसलेले र? आणि तुझ्या येण्याचंही तेच. ही आवृत्ती बाहेर पडली की येतो. ती पडली. मग म्हणालास, आता तिच्या दुरुस्त्या निघाल्या की येतो. त्या निघतायत, निघतायत. आई गेली तेव्हा आलास, त्यानंतर तू आमच्यासाठी फोनच्या काचेमागचाच झालास. मी चिडले की बाबा म्हणतात, त्याला घाई करू नकोस, तो कामात आहे. आपल्यावर ओरडायला या माणसाला कधी मुहूर्त लागला नाही, तुझ्यावर मात्र आवाज चढत नाही.

त्यांचीही कमाल आहे, तुला सांगते. आधी खुर्ची खिडकीशी नेली, इकडे वारा चांगला येतो म्हणून. मग तुझ्या जुन्या टेबलावरचा दिवा तिथे नेला. मग दिव्यातला बल्ब बदलून घेतला, हल्लीचे बल्ब मेले मिणमिणते म्हणून. मग मला म्हणाले, प्रुफं मोठ्या टायपात काढत जा, मोठ्या टायपात चुका लपत नाहीत. कागदाची ही उधळपट्टी! आणि हल्ली नवीन खूळ, प्रूफ हातात घ्यायच्या आधी ते मी मोठ्याने वाचून दाखवायचं. म्हणे कानाला लय कळते, मग डोळ्याला सोपं जातं. म्हणजे अक्षरं मीच लावायची, पानं मीच पाडायची आणि घसा कोरडा होईपर्यंत वाचायचं पण मीच. सकाळचा चहा स्वतःच गाळतात, अर्धा कपाबाहेर जातो, आणि नावं कपाला ठेवतात. मी फडकं फिरवते आणि कुरकुरते. ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात. पण त्यांच्या ‘बा.’ अशा सहीशिवाय आपल्याकडून एक पान छापायला गेलेलं नाही, आणि जाणारही नाही, म्हणून मी सगळं सोसते.

आता परवा दुपारचं सांगते. बाबा फार गप्प गप्प होते, आणि ती शांतता मला खुपत होती. म्हटलं, यांना जरा चिडवावं. त्यांचा तो जुना आवाज घरात घुमला की बरं वाटेल. म्हणून बाहेरच्या नव्या कॉम्प्युटरवरून डॉक्टरांच्या पुस्तकातलं एक पान मुद्दाम छापलं. आठवड्यापूर्वीच मी त्यांना वाचून दाखवलेलं पान, पण यात सगळे र उठून बसलेले. नेहमीचं प्रूफ म्हणून त्यांच्या हातात दिलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, तोंडावर पदर घेऊन, हसू दाबत. त्यांनी दिवा लावला. भर दुपारी. पेन काढलं. पान खिडकीकडे धरलं, मग दिव्याकडे, आणि ओळीखालून पेन फिरवत निघाले, ओठ हलवत, नेहमीसारखे. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. मी वाट बघत होते. तिसऱ्या ओळीच्या शेवटी पेन थांबलं, मला वाटलं आता. त्यांनी तिथे एक स्वल्पविराम घातला. तिथे स्वल्पविराम होताच. मग तसेच शेवटपर्यंत गेले, खाली ‘बा.’ अशी सही केली आणि पान माझ्या दिशेने पुढे धरलं. मी होते त्याच्या जरा डावीकडे. म्हणाले, आजचं पान स्वच्छ आहे हं मात्रे, एक स्वल्पविराम तेवढा राहिला होता. मी म्हटलं, बरं बाबा. आत येऊन बघितलं तर पानाची सुरुवातच ‘दुसर्या दिवशी पहाटे’ अशी होती.

ते बघत नव्हते रे, काना. मी वाचून दाखवलेलं त्यांना पाठ होतं, तेच ते ओठांनी म्हणत होते. खुर्ची, दिवा, मोठा टाइप, सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी कुरकुरत बसले होते. मी त्या साहेबाचे डोळे फोडत होते तेव्हा ते माझ्यासमोर बसून ऐकत होते. आणि ‘मग थांब, नवं पुस्तक घेऊ नकोस’ हे ते का म्हणतात तेही आता कळलं. तुमची दुरुस्ती येत नाही तोवर नवी पानं तपासायला येत नाहीत, आणि तोवर त्यांचं झाकून राहतंय. मी खूप चिडलेय. तुमच्यावर चिडलेय, माझ्यापासून लपवलं म्हणून त्यांच्यावर चिडलेय, आणि चिडले नाही तर रडायला लागेन म्हणून सकाळपासून ही पानं भरतेय. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, चष्मा उत्तम आहे, तू तुझ्या कामाचं बघ. त्यांच्यावर माझी मात्रा चालत नाही. तुझा शब्द त्यांनी आजवर मोडलेला नाही. तुमची दुरुस्ती यायची तेव्हा येवो, जुन्या कॉम्प्युटरवर मी आणखी कितीही दिवस काढीन, त्याची मला आता फिकीर नाही. तू तिच्यासाठी थांबू नकोस. निघून ये. काहीतरी उपाय असेल, नसला तर तोही आपण दोघांनी मिळून ऐकू. त्या पानाबद्दल त्यांच्यापाशी अवाक्षर काढू नकोस, ते मी माझ्या कपाटात ठेवलंय. आणि येशील तेव्हा दारापासूनच मोठ्याने बोलत ये, म्हणजे कोण आलंय ते त्यांना लगेच कळेल.

तुझीच, अजून न निवळलेली,
मात्रा