वितळलेल्या मिठाचा दिवा

२ मार्च, सकाळी ७
संकल्प: या वहीत फक्त खरं लिहायचं. पीएचडीच्या नोंदणीला अकरा वर्षं झाली. शेवटची मुदतवाढ ३१ मेपर्यंत, मग नोंदणी रद्द. विषय: वितळलेल्या कार्बोनेट मिठावर चालणारा हायड्रोजन फ्युएल सेल. भट्टी ६५० अंशांवर नेली की मीठ पाण्यासारखं होतं. एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने हवा आणि कार्बन डायऑक्साइड. वीज निघते. आजवर निघालेली नाही, हेही खरं.

९ मार्च
लाइट गेली. मीठ थिजलं, सेलची चकती तडकली. ही सातवी. वीज तयार करणारं यंत्र विजेअभावी फुटलं, असं स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं. मीही हसलो.

१२ मार्च
आमचा लॅब अटेंडंट नागप्पा (दुधनीचा, निवृत्तीला दोन वर्षं) जेवणाचा डबा भट्टीवर गरम करतो. मनाई केली. म्हणाला, "ठेवत न्हाय सर. तसंबी डबा उचलताना झिणझिण्या येतेत. अर्थिंग बघून घ्या की." म्हटलं, पीएचडी वेगळी, वायरमनकी वेगळी. लागेल असं बोललो का? उद्या त्याची माफी मागणे. अर्थिंग तपासणे.

१३ मार्च
माफी राहिली. अर्थिंगही.

६ एप्रिल, दुपारी ३
पेटला! नव्या सेलला जोडलेला लाल एलईडी. मंद, पण पेटला. नागप्पाला बोलावलं. "पेटलाय की, डाक्टरसाहेब!" पदवीआधी पदवी स्वीकारणं योग्य का? विचार केला पाहिजे. त्याला अडवलं नाही.

७ एप्रिल
मुलगी ऋतुजा (अकरावी सायन्स) जेवताना म्हणाली, "पप्पा, एक सेल जेमतेम एक व्होल्ट देतो म्हणता. लाल एलईडीला पावणेदोन लागतात. मग पेटला कसा?" पाठ्यपुस्तकाबाहेरही जग असतं, म्हणालो. निष्कर्ष: सेल सिद्धांताच्या पुढे गेला.

२१ एप्रिल
मनात शंका नको म्हणून हायड्रोजन बंद करून पाहिला. एलईडी चालूच. अर्धा तास नुसता बसून होतो. मग सुचलं, वायू मिठात मुरून राहत असणार. प्रबंधात नवं प्रकरण: 'इंधनाविना टिकणारी कार्यक्षमता'.

४ मे
बाहेर ४४ अंश. नळाला पाचव्या दिवशी पाणी. एलईडी मात्र ऊन वाढेल तसा जास्त उजळ. आलेख काढला. सुंदर रेषा. अर्थिंग बघावं असं वाटून गेलं. पण चालू प्रयोगात ढवळाढवळ नको, समिती येऊन गेल्यावर बघू. हा अप्रामाणिकपणा नाही, वेळेचं नियोजन आहे. (हे वाक्य दोनदा लिहून पाहिलं.)

२७ मे
समिती आली. गाईडसर धरून तिघे. भट्टी ६५०. हायड्रोजन सोडला. एलईडी बंद. वायरी आवळल्या. एलईडी बदलला. गॅस वाढवला. बंद. एकाने घाम पुसत विचारलं, इथे कुठे ताक मिळेल का. गाईडसर म्हणाले, "काल फोनवर पेटतोय म्हणालात."
तेवढ्यात नागप्पा कौतुकाने पुढे आला. "सर, आता बिनधास्त हात लावा भट्टीला. अर्थिंगचा खड्डा पार वाळून गेलता. सकाळी मीठ टाकलं, दोन बादल्या पाणी वतलं. मोठी माणसं येणार, कुणाला शॉक बसला तर तुमचं नाव खराब की."
पाणी त्याने घरून आणलं होतं. पाचव्या दिवसाचं.
भट्टीच्या अंगात उतरलेली वीज दोन महिने एलईडीतून वाट काढत होती. आज तिला जमीन मिळाली. समितीसमोर मीच हे समजावून सांगितलं. चांगलं समजावलं, असं गाईडसर म्हणाले.

३ जून
नोंदणी रद्द झाल्याचा ईमेल आला. नागप्पाची माफी मागायला गेलो. त्याने भट्टी शंभरावर लावून वर डबा ठेवला होता. "काय झालं सर? बसा की." काही बोलू दिलं नाही. अर्धी भाकरी हातात दिली. "झिणझिण्या न्हाईत बघा आता." भाकरी गरम होती. अकरा वर्षांत या भट्टीतून निघालेलं एवढंच.
घरी १२ मार्चचं पान काढलं. 'अर्थिंग तपासणे' समोर झाल्याची खूण केली. मग खोडली. ते नागप्पाने केलंय.