सातवा पेपर

सोमवार, ४ मार्च
आले एकदाची! त्रेचाळिसाव्या वर्षी पहिली नोकरी, तीही पंधरा दिवसांची. पण दुधाची तहान ताकावर भागवण्यात माझा हात कोण धरणार? मानसशास्त्राच्या पहिल्या पेपरात राहिलेल्या विद्यार्थ्यांची उजळणी घ्यायची आहे. घरी बसून, पोस्टाने धडे मागवून केलेली पदवी अशी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. निघताना वहिनी फोनवर म्हणाली, "लोकांची मनं वाचायला निघालात, आधी गाडीचं वेळापत्रक नीट वाचा." दादा कामात होता.
खोली शिंप्याच्या दुकानावर आहे. खाली दिवसभर मशिनची घरघर, वर मी. चादरीला दुसऱ्याच्या घरच्या साबणाचा वास येतो. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी चहा टाकताना हात अजून दोघांचं पाणी मोजतो.

मंगळवार, ५ मार्च
सहा जण आहेत. एक नर्सबाई, एक शाळेची बस चालवणारे, दोघी बहिणी, माझं खोकणंसुद्धा वहीत उतरवेल असा चष्मेवाला आणि एक डुलक्या. आज अभिसंधान घेतलं. घंटा वाजली की जेवण, असं रोज झालं तर पुढे नुसत्या घंटेनेही तोंडाला पाणी सुटतं. बसवाले म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे घंटेने पोरं सुटतात." वर्ग खो खो हसला. किती दिवसांनी मी माणसांत हसले!
शेवटी छोटी चाचणी घेतली. कागद सहा वाटले, परत सात आले. सातव्यावर नाव नाही. अक्षर थरथरतं, पण उदाहरण फार सुरेख: आजारी माणूस चमच्याने पेला वाजवतो, मुलगी धावत येते. पुढे कुणाच्याही पेल्यावर चमचा लागला तरी ती दचकून उठते. पैकीच्या पैकी गुण दिले.

गुरुवार, ७ मार्च
आज स्मृती. पुन्हा सात पेपर. सातव्यात लिहिलंय की जुनं टिकतं आणि नवं आधी पुसतं. म्हणून म्हाताऱ्याला बायकोचं नाव आठवतं, आणि समोरच्या मुलीलाही तो त्याच नावाने हाक मारतो. मुलगी ओ देते.
मी ओ द्यायचे. आईच्या नावाला. हे दादालाही माहीत नाही.
संध्याकाळी घरमालकीणबाई चहा घेऊन आल्या. ट्रेमध्ये दोन कप होते. मी विचारणार, तोवर त्या जिना उतरून गेल्या. दुसरा कप तसाच गार झाला.

शुक्रवार, ८ मार्च
आज वर्गात सरळच विचारलं, हा सातवा पेपर कुणाचा? सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग नर्सबाईंनी, आजाऱ्याशी बोलावं तसं हळू आवाजात सांगितलं की तो आजोबांचा. शेवटच्या बाकावर बसतात ते. ते माझेच वडील ना, असंही विचारलं. मीच म्हणे रोज त्यांचा हात धरून आणते आणि बसवते.
शेवटच्या बाकावर कुणीही नव्हतं.
थट्टा आहे, असं मी म्हटलं. सगळ्यांनी ठरवून एकच खोटं सांगितलं की माणूस स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गमावतो, हाही आपल्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे, असंही म्हटलं. कुणी हसलं नाही. दोघी बहिणींपैकी धाकटी रडायला लागली. म्हणाली, मॅडम, त्यांच्यासमोर असं बोलू नका ना.

शनिवार, ९ मार्च
आज सवयीकरण होतं. तोच आवाज सारखा आला की मन त्याची दखल घेणं सोडतं. मी हा भाग गाळला. वेळ नाही म्हणाले. चाचणीही घेतली नाही.
तरी टेबलावर कागद होता.
"तुम्ही शिकवलं नाही, म्हणून मी लिहितो. चमचा रोज वाजायचा. आधी मुलगी पहिल्या ठोक्याला यायची, मग दहाव्या, मग विसाव्या. त्या दुपारी चमचा चाळीस मिनिटं वाजला. मुलगी शेजारच्या खोलीत पोस्टाने आलेला पहिला धडा वाचत होती. हे सवयीकरणाचं उदाहरण आहे का, ते तपासावे. कारण तिला ऐकू येत होतं."
हो. येत होतं. मी पान उलटलं. हा धडा संपवून उठू म्हटलं. मग आवाज थांबला आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं, देवा! दादाला मी सांगितलं की बाबा झोपेतच गेले.
आज पहिल्यांदा लिहिलं.

सोमवार, ११ मार्च
वर्गाला गेले नाही. दुपारी नर्सबाई येऊन गेल्या. उंबऱ्यावरूनच त्यांनी माझ्या पाठीमागे बघून तब्येत विचारली, मान डोलावली. मग मला बजावलं की आजोबांचा श्वास बरोबर नाही, एकटं सोडू नका.
मला काहीच दिसत नाही. सगळ्यांना दिसतात. बाबा अंथरुणाला खिळले त्या नऊ वर्षांत ज्या नातेवाइकांनी एक दिवस पाणी विचारलं नाही, त्यांनाही दिसतील. फक्त मला—
दादाला फोन केला. सगळं सांगितलं. चमचा, चाळीस मिनिटं, सगळं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, येतो.
येईल. रागावेल. रागावू दे. कुणीतरी माझ्याशी बोलेल तरी.

मंगळवार, १२ मार्च, सकाळ
दादा आला.
माझ्याकडे पाहिलंच नाही. सरळ पलंगाशी गेला. पायथ्याशी बसला. "बाबा, किती वाळलात हो," म्हणाला आणि रडला.
पलंग रिकामा आहे. मी हात फिरवून पाहिला. दादा ओरडला— अगं लागेल त्यांना.

दुपार
तासभर बोलतोय. मध्ये थांबतो, ऐकतो, हसतो. एवढा वेळ तो बाबांजवळ कधी बसला नव्हता. मी विचारलं, ते माझ्याबद्दल काय म्हणतात?
म्हणाला, काही नाही. तुझी वाट बघतायत.

चार वाजता
दादा निघाला. मी म्हटलं, ने त्यांना. पाया पडते. ने.
म्हणाला, तुलाच त्यांचं सगळं जमतं. तूच केलंस ना इतकी वर्षं. आमचं घर लहान.
जिना उतरला. खिडकीतून हाक मारली, वर पाहिलं नाही. बसथांब्यावर उभा— बस आली— गेला.

मशिन बंद झालीय. खाली कुणी नाही.
पलंग करकरला.
वळत नाही मी. लिहीत राहते. लिहिताना हात—
माझ्या मनगटावर बोटं आहेत. गार नाहीत. ऊब आहे. मला उठवतायत, जपून, मी म्हातारी असल्यासारखं, हळूहळू, कुठेतरी बसवायला—
बाबा, मी—