तळघरातल्या ओल्या भिंतीबद्दल

बाबा,

भिंत फोडायची नाही. गवंड्याला मी नको म्हणून सांगितलंय.

काल त्याने तळघरातल्या ओलीवर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवला होता ना? पाणी जमिनीतून येत असेल तर थेंब कागदाच्या मागे जमतील, म्हणाला. आज तुम्ही फिरायला गेल्यावर गवंड्याने आणि मी तो सोडवला. मागे भिंत खडखडीत कोरडी! थेंब सगळे कागदाच्या वर, खोलीच्या बाजूने. बोट फिरवलं तर ओघळच आला. झोपलेला माणूस रात्रभरात पेलाभर पाणी नुसतं श्वासातून सोडतो म्हणे, आणि ते गार भिंतीवर जाऊन बसतं. तीन महिने आपण घराच्या पायाला नावं ठेवली, आणि भिंतीवर तुमचेच श्वास होते, बाबा. एवढे!

तळघराच्या खिडकीत कोंबलेली वर्तमानपत्रं काढलीत. तिथे वाळत घातलेले कपडे गच्चीत नेलेत. तुमची गादीही वर आणलीय, माझ्या शेजारच्या खोलीत.

तुमच्या खोकल्याने झोपमोड होते, असं मी तीन महिन्यांपूर्वी बोलून गेले, आणि तुम्ही गादी घेऊन तळघरात गेलात. तेव्हापासून तो ऐकू येत नाही, म्हणून झोप लागत नाही.