चुन्याआधीची काळी रेघ

चिमूर, मे १९९८, मंगळवार

फार थकले. पण ती काळी रेघ दिसली! कोवळी कूर्चा चुना धरून हाड व्हायला लागते, नेमकी तिथेच. चरबीला काळं करणारा रंग तिथे धरला, म्हणजे चुन्याच्या आधी तिथे चरबी असते. आमचे सर हाड मेणात बसवूनच कापायला लावतात. मेणाआधी ते स्पिरिटात ठेवावं लागतं, त्यात चरबी धुऊन जाते, आणि मग ते म्हणतात, चरबी नाहीच.

म्हणून आज बकरीच्या पिल्लाची बरगडी बर्फ-मिठात गोठवून कापली. कॉलेजात वीज नव्हती, गोठवायचं यंत्र बंद. बर्फ बाबांचा, तलावातले मासे बाजारात न्यायला ठेवलेला. सगळाच उचलला मी. ते एवढंच म्हणाले, "ने."

दुपारपर्यंत मासे नरम पडले. कोणी घेतले नाहीत, टोपली तशीच परत आली.

रेघ खरीच होती ना? की नुसता रंगाचा डाग? पुन्हापुन्हा पाहिली. होती.

जेवताना बाबांनी विचारलं, "तुले पायजे होतं ते दिसलं का, बाई?"

"दिसलं, बाबा."

"उद्याबी बर्फ लागत असन तं ने."

"नाई बाबा, झालं काम."

झालं कुठे! एका कापावर सर ऐकणार नाहीत.